घोरासुर अभिप्रायार्थ सादर

पुस्तक लिहिण्यात काही विशेष नाही. चिकाटी असली की कोणीही लिहू शकतं. खरी परीक्षा त्यानंतर असते. ते पुस्तक ओळखीचे लोक वाचतात, वाचून काहीतरी म्हणतात, आणि ते म्हणणं लेखकाला चेहरा हसरा ठेवून ऐकून घ्यावं लागतं. टिप्पणीरावांच्या बाबतीत ही परीक्षा जरा जास्तच लांबली.

टिप्पणीराव म्हणजे नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागाचे हेडक्लार्क. घरच्यांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण फायलीवर टिप्पणी लिहिण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या इमारतीत कोणी नव्हता, त्यामुळे मूळ नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. गल्लीतला एखादा दिवा गेला, की ‘सदर दिवा प्रज्वलित अवस्थेत आढळून येत नाही’ इथून त्यांची सुरुवात व्हायची. अशा माणसाने किशोरवयीन मुलांसाठी विनोदी, अद्भुत कादंबरी लिहिली आहे हे कळल्यावर ऑफिसातल्या बऱ्याच जणांनी आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

कादंबरीचं नाव ‘घोरासुराची झोपमोड’. एका राज्यात एक टेकडी असते. ती टेकडी म्हणजे खरं तर झोपलेला राक्षस, आणि तो असा घोरतो की राज्यात कोणाच्याही डोळ्याला डोळा लागत नाही. राणी दरबारात पेंगते, न्यायाधीश जांभई देता देता निकाल देतात, चोर चोरी करायला जातात आणि तिथेच लवंडतात. नगारे होतात, तोफा होतात, राक्षस काही उठत नाही. शेवटी एका मुलीला टेकडीवर पाठवतात. तिला नको तिथे हसू येत असतं, दरबारात, वर्गात, शोकसभेत, आणि त्यापायी सगळे तिच्यावर वैतागलेले असतात. ती राक्षसाच्या कानाशी जाऊन हसते, आणि राक्षस दचकून उठतो. उठल्यावर बिचारा ओशाळतो. म्हणतो, “मी घोरतो? मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही?”

ही कादंबरी का लिहिली, हे टिप्पणीरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना एकुलती एक लेक होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. तिचं हसणं वेगळंच होतं. आधी नुसते खांदे हलायचे, आवाज नाही. मग अडकलेला ड्रॉवर ओढावा तसा नाकातून एक आवाज निघायचा, आणि मग जे काही सुटायचं ते आवरता आवरायचं नाही. घरात ते ऐकून सगळे हसायचे. पण मागच्या वर्षी भर वर्गात ती तशी हसली, सगळ्या वर्गाने वळून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात पाऊल टाकायची की कोणीतरी नाकातून तो आवाज काढायचं. तेव्हापासून भिंगरी तोंडावर हात ठेवून हसू लागली. नंतर तेही थांबलं. आता तिला हसू आलं, की ती उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायची.

टिप्पणीरावांना ते बघवत नव्हतं. मुलीला जवळ बसवून चार शब्द बोलावं, तर त्यांना बोलायला सुचत नव्हतं. लिहायला मात्र सुचत होतं, म्हणून त्यांनी कादंबरी लिहिली.

पहिल्या खर्ड्यात त्यांनी त्या मुलीचं हसणं होतं तसं उतरवलं होतं, ड्रॉवरसकट. पण बायकोने वाचलं आणि ती म्हणाली, “अहो, हे असं छापणार? चारचौघांत पोरीची शोभा होईल.” टिप्पणीराव घाबरले. त्यांनी तेवढी ओळ खोडली आणि लिहिलं, ‘ती झऱ्यासारखं मंजुळ हसली.’ आता कोणी आक्षेप घेणार नव्हतं.

पुस्तक छापून आल्यावर पहिली प्रत त्यांनी भिंगरीच्या हातात ठेवली. ती “थँक्यू बाबा” म्हणाली, मुखपृष्ठ पाहिलं, आणि पुस्तक हॉलमधल्या फळीवर ठेवून दिलं. ते तिथेच राहिलं. टिप्पणीराव येता-जाता फळीकडे पाहायचे आणि काही न विचारता पुढे जायचे.

बाकीच्या प्रती वाटून संपल्या. छापखानेवाले म्हणाले, “दुसरी आवृत्ती काढू की. पण मागच्या कव्हरवर वाचकांचे अभिप्राय लागतात हो. ‘हसून हसून पोट दुखलं’ वगैरे. तेवढे आणून द्या.” टिप्पणीरावांना वाटलं, यात काय अवघड आहे? पुस्तकं वाटलीच आहेत, अभिप्राय गोळा करायचे.

सगळ्यात वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. त्यांनी दार उघडलं तेच लाल पेन हातात घेऊन.

“वाचतोय,” ते गंभीरपणे म्हणाले. “निम्म्यापर्यंत तपासून झालंय. मला एवढंच सांगा, तात्पर्य कुठल्या पानावर आहे?”

“तात्पर्य असं नाहीये सर. विनोदी आहे.”

“विनोदाला तर तात्पर्य जास्तच लागतं. नाहीतर मुलं नुसती हसत सुटतील.”

टिप्पणीराव खाली उतरले. शेजारच्या वहिनी जिन्यातच वाट बघत होत्या.

“भाऊजी, खरं सांगा. ती राणी मीच ना?”

“नाही हो वहिनी! काहीतरीच काय.”

“मग ती सारखी ‘आमच्याकडे असं नसतं’ कशाला म्हणते?”

टिप्पणीरावांना घाम फुटला. राणी म्हणत होती खरी, आणि कुठून म्हणायला लागली ते त्यांना आत्ता जिन्यात उभं असताना उमगलं. पण वहिनींचा राग नव्हता. उलट त्यांनी आपली प्रत परगावच्या बहिणीकडे आधीच पाठवून दिली होती. तिच्यावर कोणी पुस्तक लिहिलेलं नव्हतं.

समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं आणखी वेगळं निघालं. “राक्षस शंभर वर्षं झोपतो, आणि उठून हसतो तर दात पांढरेशुभ्र? असं कुठे असतं का? मी माझ्या पेशंटना काय तोंड दाखवू?” त्यांची प्रत वेटिंग रूममध्ये होती आणि तिची शेवटची पानं कोणा लहान पेशंटने फाडून खाल्ली होती. तेवढा एकच वाचक पुस्तकाशी खऱ्या अर्थाने एकरूप झाला म्हणायचा.

या सगळ्यांनी पुस्तक वाचलं होतं, आणि मन लावून वाचलं होतं. पण मला हसू आलं, असं एकानेही म्हटलं नाही. विनोदी लेखकाला याहून जिव्हारी लागणारं दुसरं काही नसावं. रात्री जेवताना टिप्पणीराव म्हणाले, “जाणकार वाचक बाहेर नाही मिळायचे. ऑफिसात देऊन बघतो.” बायको म्हणाली, “नका देऊ.” तिचं त्यांनी ऐकायला हवं होतं.

ऑफिसात द्यायला प्रत उरली नव्हती. फळीवर मात्र एक होती. टिप्पणीरावांनी ती खाली घेतली, मनातल्या मनात म्हणाले, ‘नाहीतरी पडूनच आहे,’ आणि पिशवीत टाकली. आतून त्यांना बरं वाटत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

साहेब यायच्या आधी पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवायचं होतं. नुसतं ठेवणं बरं दिसेना, म्हणून टिप्पणीरावांनी पहिल्या कोऱ्या पानावर दोन शब्द लिहायला पेन काढलं. आता जन्मभर ज्याने एकच वाक्य लिहिलं, त्याच्या पेनातून दुसरं काय येणार? सुंदर, वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘मा. साहेबांच्या अभिप्रायार्थ सविनय सादर’. खाली सही केली, तारीख टाकली, आणि सवयीने पुस्तक ट्रेमध्ये ठेवलं.

नगरपालिकेत ‘अभिप्राय’ या शब्दाला एकच अर्थ आहे. बाहेर कोणी अभिप्राय मागितला तर लोक छान आहे किंवा बरं आहे म्हणतात. इथे अभिप्राय मागितला, की फाईल जन्माला येते. साहेबांनी ट्रेमधले बाकीचे कागद काढावेत तसं हे पुस्तक काढलं, पहिल्या पानावर टिप्पणीरावांचं अक्षर आणि सही पाहिली, आणि पुढचं पान न उलटता खाली शेरा मारला, ‘सर्व संबंधित विभागांचे अभिप्राय घेऊन फेरसादर करावे.’

टिप्पणीराव चहा पिऊन परत येईपर्यंत आवक विभागाने पुस्तकाला क्रमांक दिला होता, मुखपृष्ठावरच्या मुलीच्या बरोबर नाकावर शिक्का मारला होता, मागे टिप्पणीची कोरी पानं जोडून वरून फीत बांधली होती, आणि घोरासुर आस्थापना विभागाकडे रवाना झाला होता.

इथपर्यंत टिप्पणीराव नुसते ओशाळले होते. पाचावर धारण बसली ती संध्याकाळी, घरी गेल्यावर. भिंगरी हॉलमध्ये खुर्चीवर चढून फळीवरची एकेक वस्तू उचलून बघत होती.

“बाबा, माझं पुस्तक कुठंय?”

“कुठलं पुस्तक?” टिप्पणीरावांनी विचारलं. 

“तुमचं. घोरासुर. मी वाचत होते ना! ती मुलगी टेकडी चढायला लागते तिथपर्यंत आलेय.”

टिप्पणीराव खुर्चीत बसले. लेक वाचत होती! शाळेतून येऊन, ते घरी यायच्या आत, रोज थोडं थोडं वाचून जागच्या जागी ठेवत होती, आणि ते वेड्यासारखे फळीकडे बघत बसले होते. त्यांना आनंद झाला होता, आणि त्याच वेळी रडू यायचं बाकी होतं. पुढच्याच पानांवर ती मुलगी हसणार होती, आणि ती पानं या घडीला आस्थापना विभागात, फितीत बांधलेली होती.

“ऑफिसात… जरा दाखवायला नेलंय,” ते म्हणाले. “आणतो उद्या.”

“माझं नेलंत?” भिंगरीने विचारलं. ती चिडली नाही. नुसती खुर्चीवरून उतरली आणि खोलीत गेली. चिडली असती तर बरं झालं असतं.

टिप्पणीरावांनी आधी दुसरी प्रत मिळते का पाहिलं. मुख्याध्यापक प्रत सोडायला तयार नव्हते. तपासून पूर्ण व्हायची होती, आणि झालेल्या पानांवर लाल शाईखाली मूळ मजकूर शोधावा लागत होता. वहिनींची बहीण म्हणे ते पुस्तक रोज कोणाला ना कोणाला दाखवत होती, ती आत्ता कसली देते. दातांच्या डॉक्टरांच्या प्रतीतली टेकडी त्या लहान पेशंटच्या पोटात गेली होती. छापखानेवाले म्हणाले, “अभिप्राय आणा, लगेच छापतो.” पुन्हा तोच शब्द.

मग ते आस्थापना विभागात गेले आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणाले, “ते आमचं पुस्तक तेवढं द्या. घरचंच आहे.”

तिथल्या कारकून बाईंनी मान वर केली. “हातोहात फाईल द्यायची नाही, असं परिपत्रक आहे ना, भाऊसाहेब?”

“कोणी काढलंय?”

“तुम्हीच.”

त्या परिपत्रकाची भाषा इतकी चोख होती, की त्यातून बाहेर पडायला लिहिणाऱ्यालाही फट ठेवलेली नव्हती. टिप्पणीरावांना स्वतःच्या लेखनाचा अभिमान वाटावा आणि लाज वाटावी, असा तो एकमेव प्रसंग असेल.

मग फाईल फिरत राहिली आणि टिप्पणीराव तिच्या मागे मागे फिरत राहिले. आस्थापनातून विधी, विधीतून आरोग्य, आरोग्यातून उद्यान. लोक भेटले की हळू आवाजात म्हणत, “तुमचं ते टेकडीचं प्रकरण आलंय आमच्याकडे. अभ्यास चालू आहे.” कोणी थट्टा करत नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं. घरी भिंगरी पहिल्या दोन-तीन संध्याकाळी विचारायची, “आणलंत?” मग तिने विचारणं सोडलं. जेवताना एकदा टिप्पणीरावांनी मुद्दाम एक विनोद केला. ती उठून पाणी प्यायला गेली नाही. म्हणजे हसूच आलं नव्हतं. 

अखेर फाईल साहेबांकडे फेरसादर झाली आणि तिच्यावर शेरा आला, ‘चर्चा करावी.’ टिप्पणीराव केबिनमध्ये जाऊन उभे राहिले. साहेब अतिशय गंभीर मुद्रेने टिप्पणीची पानं उलटत होते.

“या टेकडीच्या प्रकरणात बरेच मुद्दे उपस्थित झालेत.”

“साहेब, ती कादंबरी आहे.”

“ते लक्षात आलं, उद्यान विभागाच्या अभिप्रायापर्यंत आल्यावर. विनोदी आहे म्हणे?”

“हो साहेब.”

“मग विषयाच्या जागी तसं लिहायचं. माणूस त्या दृष्टीने वाचतो.” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “ठीक आहे. सर्वांचे अभिप्राय आलेत. आता दप्तरी दाखल करून टाकू.”

टिप्पणीरावांच्या पायाखालची जमीन सरकली. दप्तरी दाखल म्हणजे तळघरातली रेकॉर्ड रूम. तिथे गेलेला कागद पुन्हा उजेडात आलेला त्यांच्या उभ्या नोकरीत कोणी पाहिला नव्हता. पेन कागदाला टेकणार, एवढ्यात ते जन्मात पहिल्यांदा साहेबांना मध्येच तोडून बोलले.

“साहेब, एक अभिप्राय राहिलाय.”

“कोणाचा?”

“मूळ संबंधिताचा.”

“मूळ संबंधित कोण यात?”

“माझी लेक,” टिप्पणीराव म्हणाले. पुढचं त्यांनी ठरवलं नव्हतं, ते आपोआपच बाहेर पडलं. “तिच्यासाठीच लिहिली होती साहेब. ती हसत नाही हल्ली. टेकडीपर्यंत वाचून झाली होती तिची, आणि मी प्रत उचलून इकडे आणली.”

साहेबांनी फाईल पुढे ओढून लिहिलं, ‘मूळ संबंधितांचे अभिप्राय प्राधान्याने घ्यावेत. तोपर्यंत दप्तरी दाखल करू नये.’ सही केली, आणि फाईल स्वतःच्या हाताने टिप्पणीरावांना दिली, परिपत्रक असूनही.

“एक विचारू?” साहेब म्हणाले. “तो राक्षस… शेवटी उठतो ना?”

“उठतो साहेब.”

“बरं झालं,” साहेब म्हणाले आणि पुढच्या फाईलकडे वळले.

त्या संध्याकाळी टिप्पणीरावांनी शिक्का, फीत आणि टिप्पण्यांसकट पुस्तक भिंगरीसमोर ठेवलं. “तुझ्याकडे अभिप्रायार्थ आलंय,” ते म्हणाले. विनोद म्हणून नाही, दुसरं काय म्हणावं ते सुचलं नाही म्हणून. भिंगरीने आधी शिक्क्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि ते सगळं उचलून खोलीत गेली.

टिप्पणीराव आणि बायको हॉलमध्ये बसून राहिले. दोघांचे कान खोलीकडे. बराच वेळ नुसता पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

आणि मग एक आवाज आला. अडकलेला ड्रॉवर कोणीतरी ओढत होतं. टिप्पणीराव ताडकन उठले. बायकोने त्यांचा हात धरून खाली बसवलं. तिचे डोळे भरून आले होते. “जाऊ नका,” ती पुटपुटली. “हसू दे तिला.”

ड्रॉवर एकदा निघाला, पुन्हा निघाला, आणि मग सगळं फर्निचरच कोसळलं. भिंगरी हातात फाईल घेऊन दारात आली. दुसरा हात तोंडावर नव्हता, पोटावर होता.

“बाबा, हे ऐका ना! आस्थापना: ‘सदर राक्षस कायम आहे किंवा हंगामी, याचा उल्लेख आढळत नाही.’ विधी: ‘राक्षसास झोपेत असताना नोटीस बजावली असल्यास ती ग्राह्य धरता येणार नाही.’ आरोग्य: ‘घोरणाऱ्याने कुशीवर झोपावे, तथापि सदर इसम टेकडी असल्याने…’” पुढे तिला वाचवेना. ती दाराला टेकून खाली बसली. “आणि उद्यान काय म्हणतं माहितीये? ‘राक्षस उठल्यामुळे उखडलेल्या झाडांची भरपाई कोण करणार?’”

टिप्पणीरावांना क्षणभर वाईट वाटलं. नाही म्हटलं तरी लेखकच तो. त्यांनी इतका जीव ओतून लिहिलेल्या विनोदावर नाही, आस्थापना विभागाच्या शेऱ्यावर लेक हसत होती. पण ते दुःख त्यांना फार वेळ धरून ठेवता आलं नाही, कारण तोवर ते स्वतः हसायला लागले होते, आणि बायकोही.

“आणि पुस्तक?” शेवटी त्यांनी धीर करून विचारलं. “पुस्तक वाचलंस?”

“वाचलं. अभिप्राय लिहिलाय खाली.”

तिने फाईल त्यांच्या हातात दिली. साहेबांच्या सहीखाली, टिप्पणीरावांच्याच वळणाच्या अक्षरात, लेकीने लिहिलं होतं:

‘वाचले. राक्षस आवडला. तथापि मुलीच्या हसण्याचे वर्णन वस्तुस्थितीशी जुळत नाही. झऱ्यासारख्या मंजुळ हसण्याने मांजरसुद्धा उठणार नाही. दुसऱ्या आवृत्तीपूर्वी प्रत्यक्ष ऐकून दुरुस्ती करावी.’

टिप्पणीरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. लेकीची शोभा होऊ नये म्हणून त्यांनी जे खोडलं होतं, नेमकं तेच ती परत मागत होती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण नेहमीसारखं बोलायला सुचेना. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं, ‘मान्य.’ सही केली.

मग पेन तसंच उघडं ठेवून, चष्मा सरळ करून, ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “भिंगरे, एकदा पुन्हा हस बघू. उतरवून घेतो.”

“असं सांगून कोणी हसतं का, बाबा?” भिंगरी म्हणाली. पण त्यांचा तो चेहरा आणि कागदावर टेकलेलं ते पेन बघून तिचे खांदे हलायला लागले. टिप्पणीराव कान देऊन, पेन सरसावून बसले. आवाज आला, घरभर झाला, जिन्यात गेला, वरून मुख्याध्यापकांनी खिडकी उघडून “काय झालं?” म्हणून विचारलं, आणि टिप्पणीरावांना त्यातलं एक अक्षरही लिहिता आलं नाही.